पोट्ट्या जेवल्या का?

बाबा ड्यूटीवरून आले की सायकल भिंतीला टेकवण्याआधी दारातूनच विचारायचे, "पोट्टी जेवली का?" पोट्टी म्हणजे मी. आमच्या भंडाऱ्याकडच्या बोलीत मुलीला पोट्टी म्हणतात. शब्द रांगडा आहे, शाळेतल्या बाईंनी ऐकला असता तर नाक मुरडलं असतं, पण मला तो माझ्या नावापेक्षा जास्त माझा वाटायचा. नाव वैशाली, आणि वैशाली वर्गात आणखीही होत्या. पोट्टी मात्र अख्ख्या क्वार्टरात मी एकटी. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "तुमच्याबिगर कधी जेवली का ते?" मग बाबा हातपाय धुऊन डब्याच्या पिशवीतून कागदाची पुडी काढायचे. तिच्यात स्टील प्लांटच्या कँटीनमधला आलूगुंडा असायचा. इतर ठिकाणी त्याला बटाटेवडा म्हणतात, भिलाईत आलूगुंडाच. तो थंड झालेला असायचा, कागद तेलाने पारदर्शक झालेला असायचा, आणि बाबा त्याचे दोन तुकडे करून मोठा माझ्या ताटात ठेवायचे. मी मोठा तुकडा आधी डोळ्यांनी मोजून घ्यायची आणि मगच खायला लागायची.

बाबा क्रेन चालवायचे. रस्त्यावर दिसते ती क्रेन नव्हे. प्लांटच्या शेडमध्ये छताखाली रुळांवरून फिरणारी, आणि तिला खाली काचेची केबिन लटकलेली. केबिनमध्ये एकच माणूस मावतो. खालचा माणूस हाताने खुणा करतो आणि वरचा दांडे ओढतो. बोलून उपयोग नसतो, कारण खालून काही ऐकूच येत नाही. पूर्ण शिफ्ट असं न बोलता बसल्यावर बाबांची बोलण्याची सवयच मोडली होती. शेजारचे लोक त्यांना अबोल म्हणायचे, आई घुम्या म्हणायची. आलं-गेलं विचारायचं काम आई करायची आणि बाबा मान हलवायचे. दिवसभरात त्यांच्या तोंडून जे काही चार शब्द निघायचे त्यातले पहिले माझ्याबद्दलचे असायचे, ही गोष्ट मला फार लहानपणीच कळली होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. ज्याच्याकडे बोलणं भरपूर असतं त्याच्या मुलांना हे समजायचं नाही.

दुसरी एक गोष्ट होती, ती पोळ्याची. बाबांचे वडील शेतकरी, घरी बैलजोडी. बाबा नोकरीसाठी भिलाईला आले आणि शेत, बैल सगळं काकांकडे राहिलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानाला तूप-हळद लावून ते गरम करायचं, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यावर ठेवायचं आणि बैलाला जेवणाचं निमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." क्वार्टरात बैल कुठून आणणार? मी पहिलीत गेले त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेतून आले तेव्हा दप्तराच्या पट्ट्यांनी माझ्या खांद्यांवर लाल वळ उठले होते. बाबांनी ते पाहिले आणि आईला म्हणाले, "आपल्या घरी जू हिच्याच खांद्यावर हाय." पोळ्याला दाराशी लावायला दुर्गच्या बाजारातून आणलेलं पळसाचं पान त्यांनी गॅसवर गरम केलं आणि माझे खांदे शेकले. मग हात जोडून, अगदी गंभीर चेहऱ्याने, मला आवतन दिलं. दुसऱ्या दिवशी पहिली पुरणपोळी देवाच्या नैवेद्यानंतर माझ्या ताटात आली, बाबांच्याही आधी. तेव्हापासून दरवर्षी तसंच. मैत्रिणी लाकडी नंदी ओढत बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला घरोघर फिरायच्या, मला त्याचं काही वाटायचं नाही. त्या बैल ओढायच्या, आमच्या घरी बैल मीच होते.

कोंबड्या आल्या त्या माझी सहावी संपली त्या उन्हाळ्यात. बाबांच्या सेक्शनची पिकनिक ठरली होती आणि कोंबड्या आणायचं काम बाबांकडे आणि मनहरण काकांकडे होतं. मनहरण काका आमच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहायचे आणि बाबांच्याच शेडमध्ये खाली खुणा करायचे. अहिवाऱ्याच्या रस्त्यावर एक लेयर फार्म होता. तिथल्या कोंबड्या अंडी देऊन थकल्या की सगळी शेडच एकदम काढून टाकायचे आणि म्हाताऱ्या कोंबड्या स्वस्तात मिळायच्या. दोघं स्कूटरवर गेले, सकाळी गेलेले दुपारी आले, आणि बाबांनी बांबूच्या झाकणाच्या टोपलीतून सहा कोंबड्या मागच्या अंगणात सोडल्या. मनहरण काका स्कूटरवर बसूनच हसत होते. आईकडे पाहून ते छत्तीसगढीत म्हणाले, "पूछ ना भौजी, खाए बर लाए हे के पोसे बर?" खायला आणल्या की पाळायला, हे त्यांना वाटेतच कळलं होतं.

"पिकनिकच्या कोंबड्या इकडं कावून आणल्या?" आईने विचारलं.

"पाय पाह्य त्याईचे," बाबा म्हणाले.

आम्ही पाहिले. नखं वाढून वाकडी झाली होती, कारण जन्मभर जाळीवर उभ्या, माती कधी लागलीच नाही. चोचींची टोकं कापलेली. तुरे पांढुरके आणि एका बाजूला लोंबलेले. एकीची तर मान पूर्ण उघडी, पीस नावाला नव्हतं, जाळीवर घासून घासून गेलेलं. पण बाबा पाय पाहा म्हणाले ते वेगळ्याच कारणासाठी, आणि ते थोड्या वेळाने कळलं. अंगण एवढं मोठं, आईची भाजीची बाडी एका बाजूला, तिथे लाल भाजी तरारलेली, आणि कोंबड्या जिथे ठेवल्या तिथेच उभ्या. एकही पाऊल पुढे टाकेना. त्या एका फरशीएवढ्या जागेत वळायच्या, पुन्हा वळायच्या, मान बाहेर काढायच्या, आत घ्यायच्या. त्यांच्या भोवती पिंजरा नव्हता आणि तो होताही. बाबा समोर उकिडवे बसले. चहा आला, तो तिथेच गार झाला. संध्याकाळी प्लांटकडचं आभाळ नेहमीसारखं तांबडं झालं तरी ते उठले नाहीत. पिकनिकला त्या वर्षी वांगी-बटाट्याचा रस्सा झाला आणि सेक्शनमधल्या लोकांनी बाबांना पुढे रिटायर होईपर्यंत चिडवलं.

आता कुणी विचारलं तर मी म्हणेन की केबिनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला त्या पिंजऱ्यातलं काही कळलं असणार. पण हे आताचं शहाणपण. तेव्हा मला एवढंच दिसलं की बाबा माझ्याकडे पाठ करून बसले आहेत आणि "पोट्टी जेवली का" हे त्या दिवशी कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी विचारलं. सायकल भिंतीला टेकवायच्या आधी, दारातूनच. "पोट्ट्या जेवल्या का?" मी ताटावर बसले होते. क्षणभर वाटलं ऐकण्यात चूक झाली. आई म्हणाली, "कनकी टाकली, पण खाऊन नाही राहिल्या." कनकी म्हणजे तांदळाचा चुरा. तेव्हा कळलं की प्रश्न माझ्याबद्दल नव्हता. मग मी स्वतःला समजावलं की अनेकवचन आहे, त्यात मीही असेन, सातवी. एक दिवस मुद्दाम रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसले आणि बाबांनी विचारलं तेव्हा आईने उत्तर दिलं, "हो, जेवल्या." मी न जेवलेली समोर बसले होते. बाबा समाधानाने मागे अंगणात निघून गेले. त्या दिवशी माझा हिशोब पक्का झाला.

त्या दिवसांत बाबा मला नावाने हाक मारायला लागले होते. "वैशाली, दार लाव." "वैशाली, अभ्यास झाला?" माझं नाव त्यांच्या तोंडात परक्यासारखं वाटायचं, शाळेतल्या हजेरीतल्यासारखं. त्याच उन्हाळ्यात आईने माझे फ्रॉक बांधून ट्रंकेत टाकले आणि सलवार-कमीज शिवून आणले, माझ्या अंगात जे बदल होत होते त्याबद्दल मला दोन गोष्टी सांगितल्या, आणि बाबांच्या खाटेवर त्यांच्या शेजारी लोळून माझं रेडिओ ऐकणं बंद केलं. हे सगळं मला दिसत होतं, पण मी ते कोंबड्यांच्या खात्यावर टाकलं. माझा शब्द होता, तो त्यांनी घेतला. एवढं सरळ.

आलूगुंडाही गेला. आधी बाबा त्याचे तीन भाग करायला लागले, मग माझा भाग लहान झाला, मग एके दिवशी पुडी सरळ मागच्या दाराने बाहेर गेली. आता मोठा तुकडा त्या उघड्या मानेवालीला. तिला मी रागाने टकली म्हणायला लागले. बाबांच्या समोर मुद्दाम, ठसक्यात, "तुमची टकली आली बघा." बाबांना ते नाव इतकं आवडलं की तेही टकली म्हणायला लागले, आणि त्यांच्या तोंडी ते लाडाचं झालं. माझी शिवीही तिला कामाला आली. ती चालायला सगळ्यात आधी शिकली आणि चालत थेट बाबांकडे आली. बाबा अंगणात स्टुलावर बसले की ती त्यांच्या पावलावर चढून बसायची, तिथे पोट टेकवायची आणि डोळे मिटायची. बाबा पाय आखडला तरी हलवायचे नाहीत. आई म्हणायची, "पाय मोकळा करा, मुंग्या येतीन," आणि ते हाताने खूण करायचे, केबिनमधून करतात तशी, थांब.

ते मातीत लोळण्याचंही सांगायला हवं. कोंबडीला मातीत अंग घुसळून धूळ उडवायची उपजत सवय असते, पण या जाळीवरच्या कोंबड्यांना माती ठाऊकच नव्हती. बाबांनी बाडीच्या कोपऱ्यात पाणी तापवायच्या चुलीची राख आणि भुसभुशीत माती मिसळून ठेवली होती आणि कुणी लोळतंय का ते रोज जाऊन बघायचे. शाळा सुरू झाल्यावर एके दिवशी मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले होते. पेपर हातात घेऊन मी धावतच मागे गेले.

"बाबा, मले गणितात पैकीच्या पैकी भेटले."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. उठून जाईन ते."

टकली राखेत आडवी पडली होती. एक पंख पसरून माती अंगावर घेत होती, मान घासत होती, एक पाय हवेत. पायाने माती उडवत होती आणि डोळे अर्धे मिटलेले. बाकीच्या लांबून बघत होत्या. बाबांचे डोळे भरले होते. त्यांनी आईला हाक मारली, मनहरण काकांना वरून बोलावलं, काका गॅलरीत आले आणि तेही पाहत राहिले. माझा पेपर मी घडी करून दप्तरात ठेवला. रात्रीच्या जेवणाला बाबांना आठवलं आणि ते म्हणाले, "गणिताचं काय म्हणत होती?" मी म्हटलं, काही नाही.

माझी मुलगी आता त्या वयाची आहे. ती म्हणते, "आई, तू कोंबडीवर जळत होतीस?" आणि हसते. हसू दे. मत्सराला माणूस लागतो असं कुठे आहे? ज्याला जे हवं ते दुसऱ्याला मिळताना दिसलं की झालं. बहीण असती तर निदान भांडता आलं असतं, केस ओढता आले असते. कोंबडीशी काय भांडणार? ती तर आपल्याकडे पाहतही नाही, एका डोळ्याने भिंतीकडे आणि दुसऱ्याने बाबांकडे पाहते.

पोळा जवळ आला तसं मला बरं वाटायला लागलं. बाकी काहीही झालं असो, पोळा माझा होता. कोंबडीला खांदे नसतात. आदल्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा दाराशी पळसाची पानं ठेवलेली होती, ओल्या फडक्यात. मी हातपाय धुतले, वेणी पुढे घेतली म्हणजे खांदे मोकळे राहतील, आणि पुढच्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले. स्वयंपाकघरातून तूप तापल्याचा वास आला. मग बाबांच्या चपलांचा आवाज झाला, तो माझ्याकडे न येता मागच्या दाराकडे गेला. मला वाटलं हात धुवायला गेले असतील. थोडा वेळ थांबले आणि मग उठून मागच्या दाराशी गेले.

बाबा स्टुलावर बसले होते. मांडीवर टकली. गरम पान त्यांनी तिच्या पंखाच्या मुळाशी हलकेच टेकवलं, जिथे माणसाचा खांदा असता तिथे. ती चोच उघडून बसली होती, सगळं आपलं असल्यासारखी. एकेक करून सहाही झाल्या. आई दुसऱ्या बाजूला लाल भाजी खुडत होती, ती म्हणाली, "कोंबड्याईले कोणी आवतन देते का? लोकं पाहतीन तं काय म्हणतीन?" बाबा म्हणाले, "बैलानं नांगर ओढला, याईनं अंडे देले. उभ्या-उभ्या देले, बसाले बी जागा नव्हती. मेहनत ते मेहनत." त्यांच्या मानाने हे भाषणच होतं. मग ते हात जोडून कोंबड्यांना म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी दाराआड उभी होते. मला वाटलं आता ते उठतील आणि उरलेलं पान घेऊन आत येतील. ते उठले, हातातलं पान त्यांनी बाडीत टाकलं, हात धुतले आणि आत येताना मला पाहून म्हणाले, "वैशाली, अभ्यास झाला?"

पोळ्याच्या दिवशी शाळेला सुट्टी, बाबांची फर्स्ट शिफ्ट. ते दुपारी आले तोवर घरभर पुरण आणि वेलदोड्याचा वास भरला होता. कढी, वडे, भजी, तव्यावरची पोळी तुपाने फुललेली. नैवेद्य झाला आणि बाबांनी पहिली पोळी बशीत घेऊन अंगणात नेली. कोंबड्यांनी काय करावं? टकलीने एकदा चोच मारली, पुरण चोचीला चिकटलं, ते तिने मातीला पुसलं. दुसरी बशीत पाय ठेवून उभी राहिली. मग सगळ्या कनकीकडे गेल्या आणि पोळीवर मुंग्या जमल्या. माझ्या घरची पहिली पोळी, आणि त्यांना ती नको होती. नको असलेली गोष्ट त्यांना मिळाली होती आणि जिला ती हवी होती ती मी आत बसले होते.

आईने ताट वाढलं आणि मी ते पुढे सरकवलं.

"काय झालं?" आई म्हणाली.

"मी नाही जेवत."

"कावून?"

"मले कुठं आवतन भेटलं? ज्याईले भेटलं त्याईले जेवू घाला."

बाबा नुकतेच पाटावर बसत होते. ते अर्धे बसलेले तसेच राहिले. माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मी रडत नव्हते, रडायचं नाही असं ठरवून बसले होते, त्यामुळे आवाज फारच मोठा निघाला. "पोट्टी मी होते. आता त्या पोट्ट्या झाल्या. आलूगुंडा त्याईचा, आवतन त्याईचं. मले तुमी वैशाली म्हणता. वैशाली कोण हाय?"

बाहेर कोंबड्या कनकी टिपत होत्या. मग आईने झारा खाली ठेवला.

"म्याच सांगितलं होतं त्याईले," ती म्हणाली. "मोठी झाली तू. चारचौघात पोट्टी पोट्टी करते बाप, ऐकाले बरं नाही दिसत. खांदे शेकू नका म्हटलं, ते बी म्याच म्हटलं. आता कोणी लहान हाय का?"

मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते, आणि कानशिलाच्या मागे खाजवत होते, अवघडले की खाजवायचे तसे.

"कोंबड्याईले पोट्ट्या म्हणू नका असं तं हिनं नव्हतं सांगितलं," ते म्हणाले. मग दांडा ओढायच्या आधी खूण नीट पाहून घेणाऱ्या माणसासारखे एकेक शब्द काढत म्हणाले, "जिभेले सवय पडली होती, वं. घरी आलो का तो शब्द तोंडातच राहे. कोणाले तं म्हणा लागन ना."

माझा राग तिथेच गेला असं लिहिलं तर गोष्ट गोड होईल, पण तसं झालं नाही. मला आणखीच राग आला. शब्द माझा, तो उरला म्हणून बाहेर नेऊन टाकला, आणि कोंबड्यांनी तो आयता टिपला. मी म्हटलं, "मंग आता द्या आवतन."

"आता देलं तं जेवण उद्या," बाबा म्हणाले. "आज आवतन, उद्या जेवण. रीत हाय."

"उद्या जेवीन."

"अवो, पोळ्याच्या दिवशी पोरगी उपाशी राहीन का?" आई म्हणाली. पण बाबा पाटावरून उठले होते. त्यांनी आपलंही ताट उचलून ओट्यावर ठेवलं. "पाहुण्याच्या आधी यजमान जेवत नाही," म्हणाले. आईने आम्हा दोघांकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि एकटीच जेवायला बसली. तिने त्या दिवशी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या, रागारागाने, आणि प्रत्येकीबरोबर "वेडे हायेत दोघं बी" असं म्हणाली.

संध्याकाळी बाबांनी तूप गरम केलं. आदल्या दिवशीच्या पानांतलं एक फडक्यात उरलं होतं, कडेने थोडं सुकलेलं. हळद घातली, पान ज्योतीवर धरलं. मी पाटावर बसले, वेणी पुढे घेतली. बाबा पान घेऊन आले आणि माझ्या समोर थांबले. त्यांनी माझ्या नव्या कमीजकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. आईने नजर हटवली नाही. पान त्यांच्या हातात गार होत होतं. मला वाटलं आता ते परत जाणार, आणि मी मान खाली घातली.

"दप्तर आण तुहं," बाबा म्हणाले.

मी आणलं. त्यांनी ते पाटावर ठेवलं, माझ्या जागी, आणि पट्टे सरळ केले. पान पुन्हा ज्योतीवर धरून गरम केलं आणि आधी उजव्या पट्ट्यावर, मग डाव्या पट्ट्यावर दाबून धरलं, जिथे पट्टा खांद्यावर बसतो नेमकं तिथे. घाई केली नाही. पुन्हा पान गरम केलं, पुन्हा दाबलं. कापडात तूप जिरत होतं आणि हळदीचा डाग मोठा होत होता. मग हात जोडून, गंभीर चेहऱ्याने, दप्तराला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मागच्या दारातून टकली आत येऊन त्यांच्या पावलावर बसली होती. मी म्हटलं, "घेतलं." आई आत गेली आणि भांड्यांचा आवाज करायला लागली, नाक ओढल्याचा आवाज झाकायला करतात तसा.

बाबा आता माझ्याजवळ दुर्गला असतात. परवा मी त्यांना हे आठवतं का विचारलं. दप्तराचं त्यांना काही आठवत नाही, म्हणाले असं कधी केलं होतं? पण टकली आठवते. ती पुढे किती वर्षं जगली, मानेवर पीस कसं आलं, आणि ती गेली तेव्हा लाल भाजीच्या वाफ्यात तिला कुठे पुरलं, सगळं नीट सांगतात. ऐकताना मी अजूनही जळते. मी ते त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी हाताने खूण केली, थांब, आणि पुढचं सांगायला लागले.

त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांची शिफ्ट बदलून सेकंड झाली होती, त्यामुळे सकाळी ते घरी होते. अंगणातून, कोंबड्यांना कनकी टाकता टाकता, त्यांनी विचारलं, "पोट्टी जेवली का?"

"कोणती?" आईने आतून विचारलं.

"जिले आवतन हाय ते."

मग ते आत आले आणि आम्ही दोघांनी शिळी पुरणपोळी वर गार तूप घेऊन खाल्ली. आईने माझ्या ताटात आधी वाढली. उपाशी राहिल्यावर ती किती गोड लागते ते मी सांगायला नको. मी दप्तर पाठीला लावलं आणि शाळेत गेले. भाद्रपदाचं ऊन चढायला लागलं होतं, मैदानावर प्रार्थनेच्या रांगा लागल्या होत्या, आणि दप्तर आम्ही पाठीवरच ठेवून उभ्या होतो. माझ्या मागच्या मुलीने हळूच विचारलं, "ए वैशाली, तेरे कंधे पे ये पीला-पीला क्या लगा है?"

मी मान वळवून पाहिलं. उन्हाने तूप वितळलं होतं. पट्ट्यांमधून, पांढऱ्या शर्टातून, हळद माझ्या खांद्यांपर्यंत पोहोचली होती, दोन्ही बाजूंना, बाबा दरवर्षी लावायचे बरोबर त्याच जागी.